आईनं अक्षर सोडलं तेव्हा

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच कळलं नाही, हात जाईल तशी वेलांटी देते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर लिहिणं म्हणजे वाण्याची यादी आणि मुंबईची पत्रं, एवढंच. ही वही नातीची आहे. तिनं मागची पानं कोरी टाकली होती, ती फुकट जायला नकोत म्हणून घेतली. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर त्यांनी चुका मनातल्या मनात सुधारून घ्याव्यात आणि मला काही विचारू नये. माणसांपुढं मला अजूनही नीट बोलता येत नाही.

आमचं घर खाडीच्या अलीकडं होतं आणि शहर पलीकडं. पलीकडं बाजार, बंदर, मोठी शाळा, देऊळ, चर्च, वाचनालय असं सगळं होतं. अलीकडं आमची वाडी, माड आणि वाळू. मध्ये तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, चालायची. बाबा मोठ्या बोटीवर खलाशी होते, दीड-दोन वर्षांनी एकदा यायचे, येताना काचेच्या बरण्या आणि गोड वासाचा साबण आणायचे आणि मला ओळख पटेपर्यंत परत जायचे. घरात आई, मी आणि आते. आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेली. घरच्या किल्ल्या तिच्या कमरेला, बाबांची मनीऑर्डर तिच्या हातात आणि तिचा आवाज खाडीपर्यंत ऐकू जाईल असा.

दुपारी पेज जेवून झाली, भांडी घासून पालथी घातली की आई पडवीत काथ्या घेऊन बसायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कित्येक महिने पुरून ठेवतात. कुजली की काढून बडवतात आणि त्यातून जो काथ्या निघतो तो दोन तळहातांत वळून त्याचं सुंभ करतात. वाडीतल्या सगळ्या बायका सुंभ वळायच्या, पण समोर पाटावर पुस्तक उघडं ठेवून वळणारी आई एकटीच. दोन्ही हात काथ्यात गुंतलेले, डोळे पानावर. वाऱ्यानं पुस्तक मिटू नये म्हणून दोन बाजूंना दोन गुळगुळीत दगड. आणि पाटाच्या पलीकडे मी. माझं काम पान परतायचं. आईची नजर पानाच्या तळाला पोचली की ती घशातल्या घशात "हूं" करायची आणि मी पान परतायची. त्याआधी माझे हात राखेनं घासून, धुऊन, पदराला पुसून झालेले असायचे. काथ्याला खाडीच्या चिखलाचा वास असतो, तो पुस्तकाला लागू नये म्हणून आई स्वतः पुस्तकाला शक्यतो हात लावायची नाही. मला ते फार मोठं काम वाटायचं. वाडीतल्या दुसऱ्या मुली गुरं हाकायच्या, पाणी भरायच्या. माझ्यासारखं काम कुणाकडंच नव्हतं.

पाटाच्या पलीकडे बसून बसून मी अक्षरं शिकले ती उलटी. डोक्यावर उभी असलेली. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी पुस्तक हातात दिलं आणि मी ते गर्रकन फिरवून घडाघड वाचू लागले. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, पुस्तकाकडं पाहिलं आणि पुस्तक पुन्हा सरळ करून दिलं, की माझं वाचन बंद. सगळा वर्ग हसला. तेव्हा जी मान खाली गेली ती वर यायला बरेच महिने लागले. आजही एसटीत समोरच्या बाकावरचा माणूस मांडीवर पेपर ठेवून वाचत असेल, तर त्याच्याआधी माझा वाचून होतो.

वाचता वाचता आई थांबायची, काथ्याचा नवा पेड जोडायची, तेवढ्यात मी विचारून घ्यायची.

"आये, काय झाला गो?"

"ती बोटीत चढली."

"खंयच्या बोटीत?"

"मोठ्या. शिडाच्या नाय, धुराच्या."

"बाबांच्या?"

"तशाच."

"मगे तिका बाबा दिसले?"

आई हसायची. "दिसले असतले. बोटीर शंभर माणसा असतत. लिवणारो सगळ्यांची नावा खंय लिवता?"

मला ते पटायचं. पुस्तकात ज्यांची नावं लिहिली नाहीत ती माणसं पण तिथं असतातच, कोपऱ्यात बसलेली, दोर ओढणारी, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. आते जात्याजवळ आमच्याकडं पाठ करून बसलेली असायची. "लिवणाऱ्याक काम नाय, वाचणाऱ्याक त्याहून नाय," असं रोज एकदा तरी म्हणायची. मग थोड्या वेळानं, पाठ तशीच ठेवून, "ती सासू मेली काय गो नाय अजून?" असं विचारायची.

पुस्तकं यायची रोजीबाईंकडून. रोजीबाई शहरात मुलींच्या शाळेत शिकवायच्या. आई आणि त्या माहेरच्या गावात एका बाकावर बसून शिकलेल्या. आईचं लग्न झालं, रोजीबाई शिकत राहिल्या आणि मास्तरीण झाल्या, लग्न केलं नाही. घरी म्हातारे वडील. वाचनालयात त्यांचं नाव होतं. त्या नावावर दोन पुस्तकं मिळायची, त्यातलं एक आईचं. पुस्तक आणायचा इनास पाववाला. तो पहाटेच्या पहिल्या तरीनं अलीकडं यायचा, डोक्यावर पावांची टोपली, वर मेणकापड. टोपलीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक. त्यामुळं आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टींना, सुखाच्या असोत की दुःखाच्या, भाजलेल्या पावाचा वास होता. मी पान परतताना नाक जवळ न्यायची. आई म्हणायची, "खाशीत काय आता ता?"

भातं कापून झाली, रात्री गार व्हायला लागल्या की खाडीच्या तोंडाशी वाळूवर तंबूतला सिनेमा यायचा. आमच्याच बाजूला. शहरातली माणसं तरीत बसून यायची, म्हणून तेवढे दोन महिने आमच्या वाडीला भाव. तंबूला पुढं पुरुष, मागं पुरुष, आणि मध्ये दोरी लावून बायकांची जागा. सगळे वाळूवर. बाई माणसाला तीन आणे, मांडीवरचं मूल फुकट. मी सहा-सात वर्षांची, पाय चांगले लोंबत असायचे, तरी दारातून जाताना आई मला उचलायची आणि मी तिच्या खांद्यावर डोळे मिटून पडायची. दारावरचा माणूस रोज तेच म्हणायचा.

"बाये, ह्या पोर मांडयेर बसणारा? ह्याचा लगीन काढूक व्हया!"

"तू हुंडो देतलस तर उद्याच काढू," आते म्हणायची आणि त्याला बाजूला सारून आत शिरायची.

आते यायची देवादिकांच्या पिक्चरला. पडद्यावर देव दिसला की हात जोडायची आणि हिंदी पिक्चर असला की चटईवर आडवी होऊन घोरायची. आईला कुठलाही चालायचा. तिथं यंत्र एकच होतं. एक रीळ संपलं की पडदा कोरा, मग वरचा बल्ब पेटायचा आणि दुसरं रीळ चढवेपर्यंत इंजिनाचा धकधक आवाज तेवढा चालू राहायचा. त्या उजेडात चणेवाला फिरायचा, बायका एकमेकींच्या सुनांबद्दल बोलून घ्यायच्या, पोरं बाहेर पळायची. आई चटईच्या कडेला ठेवलेलं पुस्तक उघडायची. काथ्या नसल्यामुळं इथं ती स्वतः पान परतायची आणि मला जरा वाईट वाटायचं. चार-पाच पानं होत, बल्ब विझे, पडद्यावर पुन्हा घोडे धावू लागत.

असं पुस्तक आणि पिक्चर आलटून पालटून, वर झोपेची गुंगी, मागं समुद्राचा आवाज. मला दोन्ही एकच वाटायचं. पडद्यावरची राणी रडत जिना उतरायची, बल्ब पेटायचा, आई ओठ हलवत वाचायची आणि माझ्या डोळ्यांपुढं राणी तशीच चालत बंदरावर यायची. घरी जाताना आते पुढं चूड हलवत चालायची. सुक्या झावळीची मशाल ती, हलवली की ठिणग्या उडायच्या, नाही हलवली की फक्त लाल डोळा दिसायचा. मी आईच्या खांद्यावर.

"आये, ती राणी मगे बोटीत बसली?"

"राणी पिक्चरातली. बोट पुस्तकातली."

"पण बसली मा?"

आई थोडं चालायची. मग म्हणायची, "बसली असात."

अजूनही कधी पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा मला ती वाळूची वाट दिसते. पायाखाली काही लागत नाही, कुणीतरी मला उचलून नेतंय, आणि गोष्ट अजून पुरी व्हायची आहे.

ज्या रात्रीबद्दल लिहायला बसले ती तंबूची त्या वर्षाची शेवटची रात्र. दुसऱ्या दिवशी तंबू पुढच्या गावी, कट्ट्याला जाणार होता. त्या वेळी घरात होतं ते जाड बांधणीचं पुस्तक, ज्यात ती मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला बोटीतून निघते. वीसेक पानं राहिली होती. वादळ झालं होतं, बोट अजून बंदराला लागायची होती. पुस्तकाची मुदत संपली होती आणि सकाळी इनास ते न्यायला येणार होता, म्हणून आईनं ते तंबूत आणलं, रिळांच्या मध्ये मध्ये संपवून टाकू म्हणून. संपलं नाही. शेवटचं रीळ सुरू झालं तेव्हा आईनं पुस्तक माझ्या बाजूला ठेवलं.

माझ्यापुढं एक बाई बसली होती, तिचा अंबाडा एवढा मोठा की मला पडद्याचा एकच कोपरा दिसायचा. मी चटईच्या पुढं वाळूचा ढीग केला आणि त्यावर बसले. ढीग दबला. पुन्हा केला, पुन्हा दबला. मग मला पुस्तक दिसलं. ते खाली घेतलं तर बरोबर उंची येत होती. पण पुस्तकावर बसायचं कसं? आमच्याकडं कागदाला पाय लागला तरी हात लावून डोळ्यांना लावतात. पुस्तकावर बसलं तर विद्या जाते, हे आतेनं मला शंभर वेळा सांगितलेलं. मी थोडा विचार केला. मग पुस्तक वाळूत आडवं ठेवलं, त्यावर चांगली हातभर वाळू घातली, थापून घट्ट केली, वरून नमस्कार केला आणि बसले. आता मी पुस्तकावर नव्हते, वाळूवर होते. पडदा पूर्ण दिसत होता. आणि पूर्ण दिसायला लागल्यावर पाच मिनिटांत मला झोप लागली.

पिक्चर सुटला तेव्हा शेवटची तर गाठायला शहरातली माणसं धावत होती, धक्काबुक्की चालली होती. आईनं मला उचललं, आतेनं चटई गुंडाळली. आईला वाटलं पुस्तक चटईत आहे.

सकाळी इनासची हाक आली. "बाय, पाव! आणि रोजीबायचा पुस्तक?" आईनं चटई उलगडली. वाळू पडली आणि दोन चणे पडले. आईनं चटई झटकली, पुन्हा झटकली. तिचा चेहरा मी पाहिला.

"आये," मी म्हटलं, "मी पुरलंय."

"काय पुरलंस?"

"पुस्तक. माज्याखाली."

इनास हसायला लागला आणि आईकडं बघून थांबला. आईनं दोन करवंट्या उचलल्या, एक माझ्या हातात दिली आणि चालू लागली.

आम्ही पोचलो तेव्हा तंबू नव्हता. रात्रीच उतरवून, गाड्यांवर चढवून नेलेला. खांबांचे खड्डे वाऱ्यानं आणि पायांनी बुजलेले. पडदा नाही, दार नाही, दोरी नाही. नुसती वाळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, तुडवलेली. दोन महिने रोज तिथं बसलेलो आम्ही, पण कुठं बसलो होतो ते सांगता येईना. आई मध्येच उभी राहिली. "पडदो खंय होतो गो?" तिनं मलाच विचारलं, मोठ्या माणसाला विचारावं तसं.

हळूहळू वाडीतल्या बायका जमल्या.

"पडदो सुरूच्या झाडांच्या बाजून होतो."

"तुझ्या डोळ्यांच्या बाजून होतो! दर्या उजवेक होतो, माका याद आसा."

"तू निजलेलंस तेव्हा."

"निजलंय तरी उजव्या कुशीर निजलंय!"

आईनं डोळे मिटले. "वारो माझ्या डाव्या कानाक लागी होतो," ती म्हणाली आणि हळूहळू गोल फिरली, कान वाऱ्याला लावत. थांबली. तिथं आम्ही खणायला सुरुवात केली. सगळ्याजणी. दुपारपर्यंत खणलं. एक फणी मिळाली, बांगड्यांचे तुकडे, कुणाचं तरी चांदीचं जोडवं, जे आतेनं विचारपूस करून जिचं तिला पोचवलं. पुस्तक मिळालं नाही. आता तिथं बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधल्या आहेत, समोर रंगीत छत्र्या आहेत. मुलगा एकदा मला तिथं चहाला घेऊन गेला. मी खुर्चीवर बसले आणि सगळा वेळ पाय जरा उचलून धरले.

दोन दिवसांनी इनास निरोप घेऊन आला. वाचनालयानं रोजीबाईंकडून पुस्तकाचे अकरा रुपये घेतले होते. "रोजीबाय म्हणता, तुका काय देवक नको. झाला गेला."

"तिचो पगार किती आणि बापाशीच्या औषधाक जाता किती, ता माका म्हायत आसा," आई म्हणाली. "तिच्या नावार गेला. माझ्या नावार गेला असता तर वेगळा. तिका सांग, मी देतलंय."

आमच्याकडं मनात काही धरलं की ते पुरं होईपर्यंत एखादी गोष्ट सोडायची रीत आहे. कोणी मासळी सोडतं, कोणी गोड. आतेनं बाबांच्या बोटीसाठी चहातली साखर सोडलेली होती. त्या संध्याकाळी आईनं तुळशीपुढं दिवा लावला आणि म्हणाली, "रोजीचे पैसे फिटापर्यंत मी अक्षर वाचूचंय नाय."

आते ओसरीवरून म्हणाली, "मासळी सोडतत, साखर सोडतत. अक्षर कोण सोडता? तू काय सोडलंस ता देवाक तरी कळतला?"

"माका कळतला," आई म्हणाली.

आणि तिनं खरंच सोडलं. इनासनं पुस्तक आणलं तर तसंच परत. पावाची, गुळाची पुडी आली की कागद मला देऊन टाकायची, बघायचीसुद्धा नाही. बाबांचं पत्र आलं तेव्हा पोस्टमनला म्हणाली, "डोळे दुखतत, तुमीच वाचा." पोस्टमननं वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बाबांची खुशाली वाचली आणि आई मान खाली घालून, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत ऐकत राहिली. एकदा मी पुडीचा कागद उलटा धरून म्हटलं, "आये, मी वाचून दाखवू?" तर म्हणाली, "नको गो. तू वाचलंस आणि मी आयकलंय, तर मी वाचल्यासारख्याच झाला." मला रडू आलं. चूक माझी होती, आणि मासळी मला रोज मिळत होती, साखर मिळत होती. सोडलं होतं आईनं.

दिवसाच्या सुंभाचे पैसे घरात जायचे, आतेकडं. तेव्हा आईनं रात्री वळायला सुरुवात केली. "दिवसाचा घराक, रातचा तुका," असं आतेनं ठरवून दिलं. दिव्याचं तेल महाग, म्हणून आई अंगणात चांदण्यात बसायची. चांदणं नसेल तेव्हा अंधारात. काथ्याला डोळे लागत नाहीत, हात बघतात, असं म्हणायची. आठवड्याला तीन आणे, कधी चार. ते फडक्याच्या गाठीत बांधून इनासच्या टोपलीतून पलीकडं जायचे, जिथून पुस्तकं यायची त्याच वाटेनं. मीही शेजारी बसून वळायला शिकले. पहिला महिना माझं सुंभ मांजराच्या शेपटीसारखं व्हायचं.

समोर पाट नव्हता, पान नव्हतं. पण गोष्ट थांबली नव्हती. "मनात आसा ता अक्षर न्हय," असं आईनं ठरवलं होतं, त्यामुळं बोट आमच्या अंगणात चालू राहिली. रोज रात्री थोडी. वादळात तिची शिट्टी तुटली, शिड तर तिला नव्हतंच. मग ती मुलगी स्वयंपाक्याकडं कांदे सोलायला लागली. बोटीवरच्या एका खलाशाची मुलगी लांब एका वाडीत राहत होती आणि ती फार शहाणी होती, हेही कळलं. एका बेटावर पाणी भरायला थांबले तिथं माडांना उलटे नारळ लागत होते.

"उलटे कशे गो?"

"तुज्या अक्षरांसारके."

"बोट पोचली काय आये?"

"अजून नाय. कोळसो संपलोहा."

मला वाटायचं पैसे फिटले की बोट पोचणार. कधी कधी, खरं लिहायचं तर, ती पोचू नये असंही वाटायचं.

पुढच्या वर्षी भातं कापली आणि तंबू पुन्हा आला. आम्ही गेलो नाही, तीन आणे म्हणजे आठवड्याचं सुंभ. आते एकटी जायची. पण रात्री वारा खाडीकडून असला की तंबूचा आवाज आमच्या अंगणात स्वच्छ यायचा. आधी इंजिन, मग गाणी, मग माणसांचं बोलणं. आई हात थांबवायची. "आयक. आता पावलां वाजतत, म्हणजे जिनो आसा. बाई उतरता. हिरवी साडी." मी डोळे मिटायची आणि हिरवी साडी दिसायची. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मला कधी हिरवी साडी दिसली नव्हती. आवाज थांबला की आम्ही म्हणायचो, रीळ बदलतंय, आणि तेवढ्या वेळात बोट थोडी पुढं जायची. मध्यरात्री आते चूड विझवत यायची आणि खरी गोष्ट सांगायची. ती आमच्या गोष्टीहून फार साधी असायची.

"जिनो? जिनो खंयचो? तो घोडो होतो!" आते म्हणायची. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. माझा पदर आईचाच असायचा.

एके रात्री आते तंबूच्या वाटेनं निघाली आणि अर्ध्यातून परत आली. आईच्या पुढ्यात नऊ आणे ठेवले. "तीन दिवसांच्या तिकिटांचे. पिक्चर नाचगाण्याचो आसा, देवाचो नाय. माका नको."

आई बघतच राहिली. तेवढेच पैसे फेडायचे राहिले होते, पण आतेला ते कसं कळलं कोण जाणे. आई म्हणाली, "वन्सं, ह्यां माझ्या हातचा जावक व्हया."

"मगे सुंभ वळून माका दी नऊ आण्याचा. आज माझी उधारी कर," आते म्हणाली आणि आमच्याकडं पाठ करून बसली. जरा वेळानं म्हणाली, "वर्स झाला. घरात कोणाची सासू मराक नाय."

दुसऱ्या दिवशी आईनं इनासकडं पैसे दिले नाहीत. धुतलेलं लुगडं नेसली, माझ्या केसांना तेल लावलं आणि आम्ही तरीत बसलो. मी पलीकडं फार थोड्या वेळा गेले होते. रोजीबाईंचं घर चर्चच्या मागं, कौलारू, दारात जास्वंद, आत येशूपुढं लाल दिवा. त्यांनी आईला "इंदू" म्हणून हाक मारली. आईला कुणी तिच्या माहेरच्या नावानं हाक मारताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी आम्हाला काळा, मऊ, नारळाच्या रसातला गोड पदार्थ दिला, त्याचं नाव दोदोल. आईनं आधी नऊ आणे टेबलावर ठेवले, मग खाल्लं.

रोजीबाई म्हणाल्या, "आता तरी सांग इंदू. पुस्तक गेला कसा? इनास सांगणा नाय."

"माझ्या हातसून गेला," आई म्हणाली.

मी आईच्या पाठीमागं उभी होते. परक्या माणसापुढं मी तोवर नाव सांगितलं नव्हतं. पण आईचं ते वाक्य मला सोसवलं नाही. लुगड्यात तोंड ठेवूनच मी म्हटलं, "मी पुरलंय. वाळयेत. पडदो दिसणा नाय म्हणान. पण वाळू घातलंय वर, तशी बसलंय नाय मी."

रोजीबाईंनी आईच्या मागं वाकून बघितलं. मग त्यांनी मला पुढं ओढलं. "वाळू घातलंस ता बरा केलंस," त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या आणि मग त्या दोघी हसायला लागल्या त्या थांबेचनात. त्या एका बाकावर कशा बसत असतील ते मला दिसलं.

मग त्यांनी कपाटातून शाळेची एक वही काढली. आईनंच हट्ट केला होता म्हणून रोजीबाई वहीच्या मागच्या पानावर आलेले पैसे लिहून ठेवायच्या. नऊ आणे मोजले, खाली लिहिले, रेघ मारली. पान फाडून आईपुढं धरलं. आईनं हात पदराला पुसले आणि कागद घेतला. ती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. तीन आणे, चार आणे, तीन आणे, पुन्हा तीन आणे, असं वरपासून खालपर्यंत तिनं एकेक ओळ वाचली, घाई न करता, ओठ हलवत, जसं काही ते मोठं पुस्तक होतं आणि त्यात पुढं काय होणार ते तिला माहीत नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. रोजीबाई खिडकीकडं बघत राहिल्या. सगळ्यात खाली, रेघेच्या खाली, त्यांनी लिहिलं होतं : अकरा रुपये पोचले, बाकी काही नाही. ती ओळ आईनं एकदा मनात वाचली, आणि मग मला ऐकू येईल अशी, मोठ्यानं.